डाव्या हाताचा उन्हाळा

मे महिना तापला की नांदेडला आमच्या गल्लीत क्लाससाठी बाहेरगावच्या मुली यायला लागतात. बापाच्या खांद्यावर गादीची वळकटी, आईच्या हातात लोणच्याच्या बरण्या आणि मुलीनं छातीशी धरलेला टेबलफॅन. मुखेड, देगलूर, जळकोट, कुठून कुठून येतात. देगलूरकडची एखादी आई मुलीशी हळू आवाजात तेलुगूत बोलते आणि घरमालकिणीशी मराठीत ठणकावून. "पाणी दोन टाईम येतंय का, तेवढं सांगा." गल्लीतल्या बहुतेक घरांवर आता 'फक्त मुलींसाठी' अशी पाटी आहे. आईबाप परतीच्या एसटीला निघून गेले की या मुली पहिल्या संध्याकाळी गॅलरीत येऊन नुसत्या उभ्या राहतात. गरम वारा, खाली पडलेल्या लिंबोळ्या, आणि चेहऱ्यावर ते 'आता पुढं काय' असे भाव. मला दरवर्षी त्या चेहऱ्यांत लातूर दिसतं.

याच दिवसांत आमच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रॅक्टिकलच्या परीक्षा असतात. मी मुलांना बारक्या चिपांवर प्रोग्रॅम लिहायला शिकवते. नखाएवढी चिप. तिच्यात विंडोज नाही, फाईल नाही, स्क्रीनसुद्धा नाही. दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

"मॅडम, ह्याच्यात आधी काय टाकायचं?"

"काहीच नाही."

"मग आपला प्रोग्रॅम कशावर चालायचा?"

"चिपवर. मध्ये कुणी नाही."

पोरं एकमेकांकडे बघतात. त्यांचा दोष नाही. त्यांनी पाहिलेला साधा अलार्मसुद्धा आपल्यासोबत केवढं तरी वऱ्हाड घेऊन येतो. त्याला राहायला घर लागतं, सांभाळायला माणसं लागतात, त्याचं उष्टंखरकटं काढायलाही कुणीतरी लागतं. चांगलंच आहे ते. मोठी कामं तशीच होतात. पण जिथं वऱ्हाडाला जागाच नसते, तिथं एकट्यानं जाऊन काम करून येणारा प्रोग्रॅम लागतो. हे मी पुस्तकातून शिकले नाही. भूकंपानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, लातूरला, मंगलसाठी शिकले.

आम्ही औशाचे. दादा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्या वस्तीत कॉलेजात जाऊन कॉम्प्युटर शिकणारी मी पहिलीच, त्यामुळं सुट्टीला घरी गेले की 'जयभीम' करून झाला की पुढचा प्रश्न ठरलेला. "ते मशीन बोलतंय का गं?" मी लातूरला बीएस्सीला होते आणि दुपारी गफूर सरांच्या क्लासमध्ये शिकवायला जायचे. गंजगोलाईच्या गोल बाजाराजवळ एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. आधी तिथं नुसतं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. मग सरांनी हैदराबादहून जुनी कॉम्प्युटर मशीनं आणली आणि टाइपरायटर मागच्या खोलीत सरकवले. पुढच्या खोलीत नारिंगी अक्षरांचे स्क्रीन, मागच्या खोलीत खडखडाट. खिडकीत वाळ्याचा पडदा, त्यावर सर स्वतः तांब्यानं पाणी मारायचे, माणसांसाठी नव्हे, मशीनांसाठी. "माणूस घाम गाळून चालतो," म्हणायचे, "हे बिचारे गप्प बसतात." त्या मशीनांत हार्डडिस्क नव्हती. फ्लॉपी घालायची, एंटर मारायचं, फ्लॉपीवर जे असेल तेवढंच त्याचं जग.

लातुरात तेव्हा दोन तऱ्हेची माणसं येत होती. एक, भूकंपाच्या गावांतली, कुणी नातेवाइकांकडे राहायला, कुणी कामाच्या शोधात. आणि दुसरी, क्लासला येणारी पोरं, ज्यांना डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचं होतं. एसटी स्टँडवर उभं राहिलं तर कोण कुठल्या कारणानं आलंय ते कळायचं नाही. दोघांच्याही हातात तशीच पत्र्याची पेटी असायची.

मंगल पहिल्या तऱ्हेतली. तेरणेच्या काठचं तिचं गाव. आता मामाकडे राहत होती. एका दुपारी ती जिना चढून वर आली. बारावी झालेली, उंच, सावळी, कपाळाला घाम. पंजाबी ड्रेसच्या उजव्या बाहीला कोपराच्या खाली गाठ मारलेली.

गफूर सरांनी आधी खुर्ची सरकवली, मग विचारलं, "काय शिकायचंय बेटा?"

"शिकायचं न्हाई. टायपिंगची परीक्षा पास हाय मी. भूकंपाच्या आदी दिलेली." ती उभीच होती. "क्लासवाले सर लोकांना पेपर टाईप करून पायजेत म्हणं. ते काम पायजे."

सर तिच्या बाहीकडे बघत राहिले. मग तीच मागच्या खोलीत गेली, एका टाइपरायटरसमोर बसली आणि डाव्या हातानं टाईप करू लागली. हात पटापट उजवीकडे उडी मारायचा, परत यायचा, मध्येच जागा चुकायची. अर्ध्या ओळीनंतर तिनं हात काढून घेतला.

"दोन हाताचं येत होतं," ती म्हणाली. "एका हाताचं येत न्हाई. ते शिकवता का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणाले. कसं शिकवायचं ते मला ठाऊक नव्हतं.

दुपारी क्लास रिकामा असला की आम्ही दोघी बसायचो. टाइपरायटरपेक्षा कॉम्प्युटरची बटणं हलकी, म्हणून मी तिला पुढच्या खोलीत आणलं. ती मला ताई म्हणायची, पण दरारा तिचाच होता. चुकलं की स्वतःवर चिडायची आणि मी धीर दिला की माझ्यावर. "असू दे असू दे म्हणू नको ताई. असू दिलं तर काम कोण देतंय?"

एक गोष्ट तिनंच मला दाखवली. 'पी' टाईप करायचा असला की डाव्या हाताची करंगळी आपोआप 'क्यू'वर पडायची. 'पी' हे उजव्या करंगळीचं टोकाचं अक्षर, 'क्यू' हे डाव्या करंगळीचं.

"हे बघ," ती वैतागून म्हणाली. "मी उजवीला बोलावते आणि ही येती."

"उजवीला म्हणजे?"

"ती हाय की अजून. मनात हलती." तिनं बाहीच्या गाठीकडे पाहिलं. "मला अजून समदी बोटं कळतात. त्यांनी 'पी' म्हटलं की ही पण उडी मारती. जुळ्या बहिणी हायत जनू."

मी खोलीवर जाताना रस्त्यावर थांबले, नुसती उभी राहिले. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज चालू होता. तिच्या बोटांना शिकवायचं काहीच नव्हतं. त्यांना सगळं येत होतं. कीबोर्डलाच शिकवायला हवं होतं. अंगठ्यानं स्पेसचं बटण दाबून धरलं की उजवीकडची अक्षरं डावीकडे यावीत, आरशात दिसतात तशी उलटी. 'पी' यावा 'क्यू'च्या जागी, 'ओ' यावा 'डब्ल्यू'च्या जागी. करंगळीचं काम करंगळीला, अनामिकेचं अनामिकेला.

मला बेसिक, प्रोग्रॅम लिहायची एक सोपी भाषा, यायची. दोन दिवसांत मी तसा प्रोग्रॅम केला आणि तो चाललाही. मंगलनं माझ्यासमोर तिच्या गावाचं नाव टाईप केलं आणि एवढी हसली की गफूर सर मागच्या खोलीतून बघायला आले. मग तिनं विचारलं, "आता ह्याच्यात पेपर कसा लिहायचा?"

तिथंच अडलं. माझा प्रोग्रॅम बेसिकच्या आत राहायचा. बेसिक चालू असेतोवर तो जिवंत. पेपर टाईप करायचा तर बेसिक बंद करून टायपिंगचा प्रोग्रॅम चालू करावा लागायचा, आणि बेसिक गेलं की माझा आरसाही गेला. दोन्ही एकदम ठेवण्याएवढी त्या मशीनला जागा नव्हती. गफूर सर पडद्यावर पाणी मारता मारता म्हणाले, "तुझा प्रोग्रॅम किराएदार आहे बेटा. घरमालक उठला की ह्यालाही उठावं लागतं."

मग मी मशीनच्या भाषेकडे वळले. कॉलेजच्या लायब्ररीत एक पुस्तक होतं, पाठीला चिकटपट्ट्या लावलेलं. कीबोर्डचं बटण दाबलं की मशीन हातातलं काम थांबवतं, एका ठरलेल्या जागी जातं आणि तिथं लिहिलेलं असतं तसं करतं. मला त्या जागी माझे चार शब्द ठेवायचे होते. ते इतके थोडे हवेत की दुसऱ्या कुणाला त्यांची अडचण होऊ नये, आणि कुणीही उठून गेलं तरी ते तिथंच राहावेत.

तो उन्हाळा मी कशी जगले ते सांगणं कठीण आहे. सकाळी कॉलेजची परीक्षा, दुपारी क्लास, आणि डोक्यात सदोदित तीच बटणं. बेसिकमध्ये चूक झाली तर ते ओळीचा नंबर सांगायचं, अमुक ठिकाणी चुकलीस म्हणायचं. इथं कुणी काही सांगत नव्हतं. चूक झाली की मशीन मुकं व्हायचं, स्क्रीनवरची अक्षरं जिथल्या तिथं थिजायची. बंद करा, चालू करा, फ्लॉपीची करकर ऐका, पुन्हा. पण त्या एकटेपणातही एक सुख होतं. मी जे लिहिलं होतं, तेच आणि तेवढंच मशीन करत होतं. माझ्यात आणि त्याच्यात तिसरं कुणी नव्हतं. चुकलं तरी चूक माझी, आणि ती शोधली की कायमची गेली. परावलंबी नसलेली गोष्ट हातात घेण्याचा तो माझा पहिला अनुभव. मुलगी म्हणून, आमच्या वस्तीतली म्हणून, सतत कुणाच्या तरी परवानगीनं पुढं जायची सवय होती मला. इथं परवानगी देणारा कुणी नव्हता, अडवणाराही नव्हता.

प्रोग्रॅम झाला तेव्हा तो एका पोस्टकार्डावर मावेल एवढा होता. फ्लॉपीवर शोधावा लागायचा. मंगलनं तो चालू केला आणि टाईप करू लागली, पण स्क्रीनवर सगळे शब्द एकमेकांना चिकटून उमटले. विचऑफदफॉलोइंग. स्पेसचं बटण मी आरशासाठी घेतलं होतं, आणि खरी मोकळी जागा सोडायला काही ठेवलंच नव्हतं.

"लई दाटीवाटी झाली की," मंगल म्हणाली. "एसटीत बसवलीस का अक्षरं?"

दोघी हसून हसून दमलो. मग ठरवलं, स्पेस दाबून सोडली आणि मध्ये दुसरं काही दाबलंच नाही, तर सोडताना मोकळी जागा. एवढी दोन वाक्यं वाढली. मंगल दोष काढायची, मी दुरुस्त करायचे. ती वेगानं टाईप करू लागली तसं अक्षर गिळलं जायचं. पुन्हा दुरुस्ती. असं करत करत एक दिवस तिनं माझ्याकडे न बघता, गप्पा मारता मारता, एक पूर्ण पान टाईप केलं.

त्याच दिवसांत एकदा धक्का बसला. मोठ्या भूकंपानंतर असे लहान धक्के लई दिवस बसत होते. खिडकीचं तावदान थरथरलं, मागच्या खोलीतले टाइपरायटर किणकिणले, आणि सगळे जिन्याकडे धावले. सगळ्यांत पुढं मंगल. खाली रस्त्यावर अख्खी गोलाई जमली होती. मंगल भिंतींपासून लांब, रस्त्याच्या मधोमध उभी होती. मी तिचा हात धरला.

"आई झोपेतच गेली," ती म्हणाली. तोवर तिनं आईचा विषय कधी काढला नव्हता. "मी ढिगाऱ्याखाली. मला वरून आवाज यायचा, माणसं बोलताना. मी ओरडायची. त्यांना वाटायचं मांजर हाय." मग तिनं वर खिडकीकडे पाहिलं. "ताई, तुझा प्रोग्रॅम चालू असंल का गं वर?"

आम्ही वर गेलो तेव्हा चालू होता. तिनं अर्धवट सोडलेल्या वाक्यापुढं नारिंगी रेघ लुकलुकत होती. मंगलनं ओढणीनं घाम पुसला आणि वाक्य पुरं केलं.

लोक मला म्हणतात, तुम्ही यावर छान लिहू शकाल, दगडामातीची जड घरं आणि हलके प्रोग्रॅम. मी लिहीत नाही. ज्या माणसांनी हातांनी दगड उचलले त्यांच्यासमोर असली उपमा तोंडातून निघत नाही. मी फक्त एवढं सांगते की त्या दिवशी एक मुलगी जिना उतरून पळाली आणि तोच जिना पुन्हा चढून आली.

बिराजदार सर फिजिक्सचे. त्यांच्या क्लासची पोरं एका शेडमध्ये मावत नव्हती म्हणून त्यांनी लग्नाचं कार्यालय भाड्यानं घेतलं होतं. दर रविवारी परीक्षा. गफूर सरांनी त्यांना बोलावून आणलं. त्यांनी मंगलची बाही पाहिली आणि ते अवघडले.

"गफूरभाई, मुलगी हुशार असेल," ते हळू आवाजात म्हणाले, "पण माझा पेपर शनिवारी संध्याकाळी तयार लागतो. रविवारी सकाळी पोरं दारात असतात. मला दया करून चालत नाही."

"दया नकाच करू," मंगल म्हणाली. "पेपर द्या."

त्यांनी बॅगेतून हातानं लिहिलेली पानं काढली आणि समोरच बाकावर बसले. मंगलनं फ्लॉपी घातली. मी तिच्यामागं उभी राहिले, मग बघवेना म्हणून खिडकीपाशी गेले. बटणांचा आवाज तेवढा ऐकत होते. आवाजात लय होती. अंगठा दाबला, सोडला, दाबला. दुसरं पान चालू असताना लाईट गेली. पंखा थांबला, स्क्रीन काळा.

बिराजदार सर उठलेच. "हे असं. मग आता?"

"बसा सर," मंगल म्हणाली. "पहिलं पान फ्लॉपीवर गेलंय. लाईट येईल की."

गफूर सरांनी चहा मागवला. बिराजदार सर बसले, उठले, जिन्यापर्यंत जाऊन आले. लाईट आली. मला वाटलं आपण पुढं व्हावं. पण मंगलनं स्वतःच मशीन चालू केलं, डाव्या हातानं फ्लॉपी बदलली, माझ्या प्रोग्रॅमचं नाव टाईप केलं, एंटर मारलं. तो लगेच उभा राहिला. त्याला जागं व्हायला वेळच लागत नव्हता, सोबत कुणाला उठवायचंच नव्हतं. मी त्याच्यासाठी काहीही केलं नाही. मी त्या खोलीत नसते तरी चाललं असतं, हे मला तेव्हा लख्खकन कळलं, आणि इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

प्रिंटरची रिबन काढून, नुसत्या सुयांनी, आम्ही प्रती काढायचे मेणकागदी स्टेन्सिल कापले. बिराजदार सरांनी ते उजेडाला धरून ओळ न ओळ वाचली. मग घडी न पाडता बॅगेत ठेवले.

"पुढच्या शनिवारी केमिस्ट्रीचाही आणू का?" त्यांनी विचारलं. मला नाही, गफूर सरांनाही नाही. मंगलला.

रविवारी आम्ही दोघी त्या कार्यालयाबाहेर रस्त्यापलीकडं उभ्या राहिलो. परीक्षा सुटली. पोरं बाहेर आली, घामाघूम, आणि सगळी हातातल्या पेपरानं वारा घेत होती. औशाची, चाकूरची, निलंग्याची पोरं, मंगलचे शब्द हातात धरून.

"माझ्या अक्षरानं वारा घ्यायलेत बघ," मंगल म्हणाली.

मी पुढं शिकायला नांदेडला आले. मंगलची कामं वाढली. फिजिक्स, केमिस्ट्री, मग बायोलॉजी, मग दुसऱ्या सरांचे क्लास. वर्षं गेली. बिराजदार सरांनी नवीन मशीनं घेतली, विंडोजची, रंगीत. माझ्या मनात पहिला विचार आला तो प्रोग्रॅमचा. या नव्या मशीनांत कुणी कुणाला थेट कीबोर्डपाशी जाऊ देत नव्हतं. माझे चार शब्द त्या जागी बसणार नव्हते. मग मी नव्यानं सगळं शिकले, नवा आरसा लिहिला आणि फ्लॉपी पर्समध्ये घालून लातूरची एसटी धरली. तोही मेच होता. खिडकीतून झळा येत होत्या आणि मी वाटभर काळजी करत होते, की इतके दिवस हिनं कसं भागवलं असेल.

मंगल आता बिराजदार सरांच्या क्लासमध्ये स्वतंत्र खोलीत बसायची. हाताखाली दोन मुली. मी दारात पोचले तेव्हा तिची पाठ माझ्याकडे होती. ती टाईप करत होती. डावा हात अख्ख्या कीबोर्डभर फिरत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, न अडखळता. अंगठा स्पेसवर नुसता टेकून निघत होता.

मी फ्लॉपी हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"ताई!" तिनं मागं वळून पाहिलं, मग माझ्या हाताकडे. तिच्या लक्षात आलं. "तुला सांगायचंच राहिलं बघ. दिवाळीपासनं मी ते लावतच न्हाई. एकदा घाईत लावायचं विसरले आणि अर्धा पेपर झाल्यावर कळलं, आपण तसंच टाईप करायलोय."

"म्हणजे आता लागत नाही?"

"न्हाई." ती जरा थांबली. "वाईट वाटलं का?"

वाटलं होतं, क्षणभर. खोटं कशाला सांगू. वाटभर तिच्या अडचणीची काळजी करत आले होते आणि ती अडचण दिवाळीतच संपून गेली होती. मग मला पुन्हा ते पाहावंसं वाटलं. "टाईप कर बघू," मी म्हणाले. तिनं केलं. मी त्या हाताकडे बघत राहिले आणि मला हसू आलं, ते आवरेना. दोघी मुली चकित होऊन बघत होत्या.

"हसून घे," मंगल म्हणाली. "आणि मग बस हितं. तुला दुसरं काम हाय." तिनं खुर्चीवरून उठून ती माझ्याकडे वळवली. "पोरं शेजारच्याचं बघून लिहितात. मला एका पेपराचे चार वेगळे पेपर पायजेत. प्रश्न तेच, पर्याय तेच, पण क्रम दरवेळी निराळा, आणि उत्तरं कुठल्या पेपरात कुठं गेली ते आपल्याला कळलं पायजे. हातानं करायला गेले तर डोकं फिरतंय."

"मोठा प्रोग्रॅम होईल," मी म्हणाले.

"लहानच कर. मागच्या खोलीत जुनी मशीनं पडलेत, त्याच्यावर पण चालला पायजे."

मी पर्स खाली ठेवली आणि बसले. ती माझ्यामागं उभी राहिली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, आणि पहिल्यापासून नीट सांगू लागली.